सव्वीस दिवसांचं स्टेअरिंग

महिपतीनं उभ्या जन्मात मोटारीच्या स्टेअरिंगला हात लावला नव्हता. तो रेल्वेतला रंगारी. यार्डात उभ्या असलेल्या डब्यांवर नंबर टाकायचे, पाट्या लिहायच्या, गंजलेल्या पत्र्याला अस्तर मारायचं, हे त्याचं काम. तरी चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्याच्या पाच तारखेला सकाळी तो होटगी रस्त्यावरच्या एका बंगल्यामागच्या मोटारखान्यात येऊन उभा राहिला. तिथल्या तिप्पण्णा ड्रायव्हरनं मालकांना सांगितलं, की हा पुण्याचा कारागीर, नाव कोंडीबा, जुन्या गाड्यांच्या स्टेअरिंगच्या कामात याचा हात धरणारा कुणी नाही.

खरी गोष्ट अशी होती, की आठ तारखेपासून देशभर रेल्वेचा संप होणार होता आणि धरपकड आधीच सुरू झाली होती. महिपती काही पुढारी नव्हता. सभेत तो मागच्या बाजूला बसायचा. पण यार्डातल्या मालगाडीच्या वाघिणींवर आणि स्टेशनच्या भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत ‘चक्का जाम’ लिहिलं होतं ते त्यानं. सोलापुरात तसं अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. त्याच्या ‘क’चं पोट गोल, काना सरळ ओळंब्यात. ओळखणाऱ्यांनी ओळखलं. यार्डातली तीन माणसं पकडून नेली, त्यांत तिप्पण्णाचा धाकटा भाऊ शिवशरण होता. आता महिपतीची पाळी होती. तिप्पण्णा त्याला म्हणाला, भावाच्या वेळी उशीर झाला, तू तरी चल. मालक वर्षभर स्टेअरिंगसाठी कारागीर शोधतायत, तिथं तुला कुणी विचारणार नाही.

मालक म्हणजे शिवलिंगप्पा. नवी पेठेत त्यांचं कापडाचं दुकान, आता मुलं चालवत होती. वय सत्तरीच्या पुढं. हाताला कंप सुटल्यापासून डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद केली होती आणि मुलांना त्या जुन्या शेवरलेटमध्ये काही रस नव्हता. गाडी चाळीस सालची. म्हातारा मात्र रोज संध्याकाळी पूजा आटोपून, कपाळाला ताजं भस्म लावून मोटारखान्यात यायचा, चालकाच्या जागेवर बसायचा आणि स्टेअरिंगवर हात ठेवून घटकाभर समोरच्या भिंतीकडं बघत राहायचा. मधे कुणीतरी ते चाक काळ्या रंगानं लिंपून ठेवलं होतं. उन्हाळ्यात तो रंग पाझरून तळव्यांना चिकटायचा आणि भेगांच्या कडा बोटांना लागायच्या.

“पहिल्यासारखं पाहिजे,” शिवलिंगप्पा त्याला म्हणाले. “हस्तिदंती होतं. मला आठवतंय की.”

महिपतीनं मान हलवली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मोटारखान्याला एक मोठं लाकडी दार आणि छताजवळ एक गजांची खिडकी. गडीमाणसांनी आत डोकावून चौकशा करू नयेत म्हणून तिप्पण्णा दिवसा बाहेरून कडी घालायचा. वर पत्रा. सोलापूरचा मे महिना. दहा वाजले की आतली हवा तव्यावरच्या भाकरीसारखी तापायची. महिपती बंडी काढून, ओला पंचा डोक्यावर टाकून बसायचा. नहाणी मागच्या बाजूला, तिथं जायचं ते पहाटे आणि दिवस मावळल्यावर. स्वयंपाकाच्या गुरम्मा दोन वेळा कडक भाकरी आणि शेंगांची चटणी दारातून आत सरकवायच्या. त्या कानडीत काही विचारायच्या, याला त्यातलं अर्धंच कळायचं, तो नुसता हसायचा.

पहिला दिवस त्यानं चाक बघण्यात घालवला. मग हॉर्नचं बटण फिरवून काढलं, खालचा नट सैल केला आणि तिप्पण्णानं आणि त्यानं मिळून चाक उपसून घेतलं. सोड्याच्या पाण्यानं धुतलं, काळा रंग पात्यानं खरवडला. तेव्हा दुखणं समजलं. आत लोखंडी कडी, वर कडक रबरासारखं आवरण. उन्हानं आवरण आक्रसलं होतं, कडी होती तेवढीच राहिली होती, म्हणून जिथं आरे कडीला मिळतात तिथं चाक तडकलं होतं. लहानमोठ्या अकरा भेगा. भेग बुजवायची तर आधी ती मोठी करावी लागते, हे त्याला डब्यांच्या लाकडावरून ठाऊक होतं. त्यानं करवतीच्या मोडक्या पात्यानं एकेक भेग खणली, वर रुंद आणि आत निमुळती केली, म्हणजे भरलेला मसाला धरून राहील. तिप्पण्णानं बाजारातून दोन नळ्यांचं चिकटद्रव्य आणलं. दोन्ही सारखं घेऊन पत्र्याच्या तुकड्यावर कालवायचं, त्यात चिमूटभर खडूची पूड, आणि ते घट्ट व्हायच्या आत भरायचं. पहिल्या दोन भेगा बिघडल्या. तिसरीपासून जमलं.

काम जमतंय म्हटल्यावर त्याला बरं वाटलं, आणि लगेच धास्तीही वाटली. काम संपलं की कोंडीबाही संपणार होता.

आठ तारखेला संप लागला. एरवी बंगल्यातून दिवसभर इंजिनांच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, त्या थांबल्या. महिपती खिडकीखाली उभा राहून कान देत होता. आपलीच माणसं थांबली म्हणून गाड्या थांबल्या, हे त्याला कळत होतं, छाती भरूनही येत होती. पण ती माणसं बाहेर होती, नाहीतर तुरुंगात एकत्र होती. तो तेवढा इथं, एका म्हाताऱ्याच्या गाडीजवळ, दुसऱ्याचं नाव लावून.

बायकोचा निरोप तिप्पण्णामार्फत यायचा. वच्छला होटगीला रेल्वेच्या खोलीत एकटी होती. पोलीस दोनदा येऊन गेले, तिनं सांगितलं माहीत नाही. मग दारावर कागद चिकटवला, खोली सोडा म्हणून. तिसऱ्या खेपेला तिप्पण्णानं निरोप सांगितला तो तिच्याच शब्दांत: “आणखी किती दिवस, तेवढं विचारून या.”  त्या दिवशी त्यानं चाकाला लावलेलं चांगलं वाळलेलं अस्तर पुन्हा घासून काढलं. तिप्पण्णानं ते पाहिलं आणि कडी लावून गेला.

शिवलिंगप्पा संध्याकाळी यायचे. चाक जाग्यावर नसलं तरी गाडीत बसायचे आणि बाजूच्या जागेवर हात आपटून म्हणायचे, “बा, कुंद्रु.” ये, बस. महिपती संकोचानं बसायचा. मग ते सांगत बसायचे. ही गाडी घेऊन ते आणि त्यांची बायको सुंदरम्मा करमाळ्याला कमलाभवानीला गेले होते, तेव्हा वाटेत दोन बैलजोड्यांनी गाडी नाल्यातून ओढून काढली. सुंदरम्मा गेल्याला नऊ वर्षं झाली होती. मुलं दुकानातून येत ती जेवायच्या वेळेला, जेवून झोपत. म्हाताऱ्याला बोलायला दिवसभर कुणी नव्हतं. ते वर्तमानपत्र घेऊन यायचे, चष्मा न लावता महिपतीकडून वाचून घ्यायचे. संपाच्या बातम्या आल्या की म्हणायचे, हे लोक देश बुडवणार. महिपती पुढची बातमी वाचायचा.

रंगाचं कोडं हॉर्नच्या बटणाखाली सुटलं. बटणाच्या कडीखाली जिथं ऊन, घाम, हात काहीच पोचलं नव्हतं, तिथं बोटभर जागेत मूळचा रंग जसाच्या तसा होता. दुधावरच्या सायीसारखा, थोडा तांबूस. पांढऱ्या तेलरंगात पिवळा, मग सुईच्या टोकावर येईल एवढी काव, शेवटी काळ्याचा एक थेंब, असं करत चौथ्या दिवशी त्यानं तो जमवला. खिडकीच्या उजेडात दोन्ही शेजारी धरले तर वेगळे ओळखू येईनात. सव्वीस दिवसांत तेवढा एकच तास असा गेला, की आपण कुठं आहोत हे तो विसरला होता.

पातळ हात मारायचा, धूळ बसू नये म्हणून वर धोतराचं फडकं बांधलेलं डालगं पालथं घालायचं, वाळलं की पाण्याच्या पॉलिश कागदानं घासायचं, पुन्हा हात. असे चार हात झाले. पाचव्या हाताला त्यानं चाक आढ्याच्या हुकाला दोरीनं टांगलं, म्हणजे दोन्ही बाजू एकदम होतील. अठरा तारीख होती. रंग लावून अर्धा तास झाला असेल, तोच बाहेर जोड्यांचा आवाज आला आणि शिवलिंगप्पांच्या मागून एक फौजदार आत आले.

स्टेशनवर त्यांचा बंदोबस्त होता. मालकांची जुनी ओळख, उन्हात पाणी प्यायला आले होते, आणि मालकांनी हौसेनं गाडी दाखवायला आणलं होतं. महिपती भिंतीशी सरकला. दार त्यांच्या पाठीमागं होतं, खिडकीला गज. फौजदारांनी टांगलेलं चाक पाहिलं, “वा,” म्हणाले, आणि कुणी काही सांगायच्या आत दोन्ही हातांनी ते धरलं. गाडी चालवायला बसल्यासारखं.

हात निघाले ते रंगानं माखून. चाकावर दहा बोटांचे ठसे.

शिवलिंगप्पा कासावीस झाले. टर्पेंटाइन आण, पूस लवकर, म्हणाले. महिपतीनं फडकं भिजवलं, फौजदारांपुढं गुडघ्यावर बसला आणि त्यांचा हात हातात घेतला. एकेक बोट, नखांच्या कडा, अंगठीखालची जागा.  मान त्यानं वर केलीच नाही. फौजदार खुशीत होते. हात पुसून होईपर्यंत गप्पा मारत राहिले. म्हणाले, आम्हालाही एक रंगारी हवाय. वाघिणींवर लिहून पळाला. बाकी अक्षर मात्र देखणं, कुठंही पाहिलं तर ओळखीन.

मग चाकाकडं बघत त्यांनी विचारलं, “हा तुमचा माणूस पाटीबिटी लिहितो का? आमच्या चौकीचा फलक पार पुसून गेलाय.”

“लिहितो की,” शिवलिंगप्पा म्हणाले. “अक्षर न् अक्षर वाचतो, लिहायला काय झालं?”

दुसऱ्या दिवशी एक शिपाई पत्र्याचा फलक आणि मजकुराची चिठ्ठी देऊन गेला. ‘परवानगीशिवाय आत येण्यास मनाई आहे.’

त्या दुपारी तिप्पण्णा आत आला आणि त्यानं दार ओढून घेतलं. तो म्हणत होता, करमाळ्याकडं तुझं गाव आहे, निघ. महिपती म्हणाला, गाड्या बंद, एसटी स्टँडवर पोलीस, आणि आज मी गेलो की उद्या तुझी मान धरतील. तिप्पण्णा खाली बसला.

“मग काय करतोस?”

“लिवतो की. वंगाळ लिवतो.”

ते वाटलं होतं तेवढं सोपं नव्हतं. कुंचला हातात आला की हात आपल्या वाटेनं जायचा. ‘प’ गोल यायचा, काना ओळंब्यात उतरायचा. दोनदा पुसलं. शेवटी त्यानं कुंचला डाव्या हातात घेतला आणि सगळी ओळ लिहिली. अक्षरं एकमेकांवर रेललेली, शेवटचा शब्द कोंबलेला. इतकं घाणेरडं काम त्यानं शिकत असतानाही केलं नव्हतं. लिहून झाल्यावर त्यानं फलक भिंतीकडं तोंड करून ठेवला.

फौजदारांच्या शिपायाला त्याचं काही नव्हतं. फलक घेऊन गेला. पण जायच्या आधी तो शिवलिंगप्पांनी पाहिला. संध्याकाळी ते आले, गाडीत बसले नाहीत. डालगं उचलून चाकाकडं बघितलं. बोटांचे ठसे घासून महिपतीनं पाचवा हात पुन्हा दिला होता, चाक आरशासारखं झालं होतं.

“हे ज्यानं केलं त्यानं ते लिहिलं नाही,” शिवलिंगप्पा म्हणाले. “मुद्दाम वाईट लिहिलंस. तू कोण?”

महिपतीनं सांगितलं. नाव, गाव, यार्ड, वाघिणी, सगळं. तिप्पण्णाची चूक नाही, मीच पाया पडलो, असंही सांगितलं, ते खोटं होतं. म्हातारा ऐकत राहिला. त्यानं आरडाओरडा केला नाही, की पाठीवर हातही ठेवला नाही. एवढंच म्हणाला, की माझ्या घरात मला फसवलंत ते बरं केलं नाही. फौजदारानं विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, पण तो विचारणार नाही. मग थोड्या वेळानं म्हणाला, चाक झालं की दारांच्या मुठी आहेत, काचेखालचा समोरचा फळा आहे, तेही त्याच रंगात करायचं.

महिपतीला हायसं वाटलं. त्या बोलण्यातली गोम त्याच्या ध्यानात आली नाही.

पंचवीस तारखेला स्टेअरिंग जाग्यावर बसलं. शिवलिंगप्पा आत बसले, दोन्ही तळवे चाकावरून फिरवले, एकही भेग हाताला लागली नाही. डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिप्पण्णाला करमाळ्याला आपल्या बहिणीकडं पाठवलं, देवीला साडी न्यायची होती आणि बहिणीला घेऊन यायचं होतं, आठ दिवसांचं काम. आता कडी कधी गुरम्मा घालायच्या, कधी मालक स्वतः.

अठ्ठावीसपासून वर्तमानपत्र येईनासं झालं. शिवलिंगप्पा म्हणाले, टाकणारा आजारी आहे. एकोणतीसला सकाळी शिट्टी ऐकू आली, मग दुपारी दोन. महिपतीनं विचारलं तर म्हणाले, लष्करातली माणसं चालवतायत, संप आहेच. महिपतीनं विश्वास ठेवला. समोरच्या फळ्याचा जुना रंग खरवडत राहिला. पण शिट्ट्या वाढत गेल्या, आणि ओळखीच्या वाटायला लागल्या. रेल्वे फाटकाजवळ लांबवून शिट्टी देणारा एक इंजिन ड्रायव्हर होता, त्याची शिट्टी महिपतीनं तीस तारखेला ऐकली. तो माणूस संपातून फुटणारा नव्हता. 

एकतीस तारखेला सकाळी गुरम्मांनी भाकरीबरोबर चटणी दिली ती वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून. तेलानं अर्ध्या ओळी दिसेनाशा झाल्या होत्या. तारीख दिसत होती, एकोणतीस मे. आणि खाली, संप मागे घेतल्यामुळे कामगार मोठ्या संख्येनं कामावर हजर होत आहेत, असं होतं.

त्यानं तो तुकडा दोनदा वाचला. मग दार ठोठावायला लागला. गुरम्मा धावत आल्या, त्यांनी कडी काढली, त्यांच्या मागं शिवलिंगप्पा होते. गुरम्मांना जायला सांगून ते आत आले आणि सवयीनं गाडीत जाऊन बसले. महिपती खिडकीशी उभा राहिला आणि त्यानं कागद त्यांच्यापुढं धरला.

“तीन दिस झालं, मालक. तुमाला ठावं होतं.”

शिवलिंगप्पांनी नाकारलं नाही. त्यांचे हात स्टेअरिंगवर होते आणि कंपामुळे बोटं चाकावर वाजत होती.

“दारं राहिलीत अजून,” ते म्हणाले.

“माजी नोकरी हाय. बायकू दारात बसली आसंल.”

“तू गेलास की इथं कोण येणार, महिपती?” त्यांनी पहिल्यांदाच त्याचं खरं नाव घेतलं. “तिप्पण्णा गाडी पुसतो आणि जातो. मुलं ही विकायला निघालीत. तू ऐकून घ्यायचास.”

महिपतीला संताप आला होता, त्यांना गाडीतून ओढून काढावं असं वाटत होतं. पण समोर बसलेला माणूस इतका लहान दिसत होता, की हात उचलवेना.  त्यानं बंडी घातली, कुंचले तिथंच ठेवले आणि उघड्या दारातून बाहेर पडला. ऊन डोळ्यांवर आलं. फाटकापर्यंत जाईतो आपल्याला कुणीतरी हाक मारून थांबवेल असं वाटत राहिलं. कुणी मारली नाही.

तो होटगीपर्यंत रुळांच्या कडेनं चालत गेला. तहान लागली होती, पण वाटेत कुठं थांबला नाही. खोलीला दुसऱ्याचं कुलूप होतं. वच्छला गावात एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारच्या खोपीत सामान घेऊन बसलेली सापडली. त्याला पाहून ती उठली नाही. आधी पाणी दिलं, तो पिईपर्यंत बघत राहिली.

“समदी परवाच आली,” ती म्हणाली. “शिवशरणबी आला. मला वाटलं तुमी कुटंतरी मेलासा.”

त्यानं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं कोंडलं होतं म्हणाला. ती म्हणाली, कडी काय बाहेरून कायमच होती की. तुमी दार आजच का वाजवलंत?  ती चिडून बोलली नव्हती, खरंच विचारत होती, आणि तेच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दोघं यार्डाच्या कचेरीत गेली. बाहेर पन्नासेक माणसं उभी होती. नावं पुकारली गेली, काहींच्या सह्या घेऊन आत सोडलं, काहींना नंतर या म्हणून सांगितलं. महिपतीला नंतर या सांगितलं. तो आदल्या तीन दिवसांत आला असता तर काही वेगळं झालं असतं का, हे त्यानं पुढं पुष्कळांना विचारलं. कुणी म्हणे झालं असतं, कुणी म्हणे तुझं नाव आधीपासूनच लाल शाईत होतं. त्याला परत घेतलं ते तीन वर्षांनी, सत्त्याहत्तर साली. तोवर त्यानं सोलापुरात दुकानांच्या पाट्या लिहिल्या, उसाच्या ट्रकांवर नावं टाकली.

श्रावणात तिप्पण्णा त्याचे कुंचले घेऊन आला होता. म्हणाला, मालकांनी दारांसाठी बोलावलंय, या वेळी नाव लपवायचं कारण नाही. महिपती बराच वेळ कुंचल्यांचे केस बोटांनी मोकळे करत राहिला. जाऊन यावं असं त्याला एकदा वाटलंही. वच्छला चुलीपाशी भाकरी थापत होती.

“न्हाय जमायचं म्हणून सांग,” तो शेवटी म्हणाला, आणि तिप्पण्णाला जेवायला बस म्हणाला.